रिकाम्या पोटी, दुधाबरोबर

परवा भिंगारात न्हाव्याच्या दुकानात नंबर लावून बसलो होतो. माझ्या आधीचा गृहस्थ पंचेचाळिशीचा असेल. दाढीला साबण लावून घेतला आणि "आलोच" म्हणून मागच्या गल्लीत गेला. परत आला, पुन्हा साबण लागला, पुन्हा उठला. न्हावी वैतागला, दुकानातली माणसं हसली. मी नाही हसलो. परत आल्यावर तो खुर्चीवर ज्या बेतानं टेकला, अर्धा इकडं अर्धा तिकडं, ते बघूनच मी ओळखलं की हा आपल्यातला.

दाढी उरकून तो बाहेर पडला तसा मी माझा नंबर सोडून त्याच्या मागं गेलो. म्हटलं, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"लघवीला त्रास व्हायला."

तो असा दचकला की जणू मी त्याचा खिसाच चाचपला. "मला काही नाही," म्हणाला आणि झपाझप निघून गेला. त्या चालीवरून तर माझी खात्रीच पटली.

मीही त्या काळात सगळ्यांना असंच सांगायचो. मला काही नाही. म्हणून ज्यांना ज्यांना काही नाही, त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. मी सातवी पास झालेला एसटीचा ड्रायव्हर, आता निवृत्त. औषधांतलं मला कळत नाही. पण एका कॅप्सूलपायी आमच्या घरात काय काय झालं ते मला पक्कं ठाऊक आहे.

रेडिएटर

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मूळ गाव सोनई, बिऱ्हाड भिंगारात, ड्युटी नगर–पाथर्डी. एक दिवसाआड पाथर्डीला मुक्काम. घरी बायको हौसा, लग्नाला आलेली एकुलती एक मुलगी सुमन आणि एक म्हैस. म्हशीला घरातली चौथी म्हणायला हरकत नव्हती, कारण तिच्या दुधाचा रतीब हौसा लष्करी छावणीतल्या साहेब लोकांच्या घरी घालायची, आणि त्या वर्षी कडबा मिळवण्यात आमचा जेवढा जीव गेला तेवढा स्वतःच्या भाकरीसाठी गेला नाही.

थंडीचे दिवस होते. करंजीच्या घाटात गाडी चढवताना मला हुडहुडी भरली. वाटलं, हवा लागली. घाट संपला तसं लघवीला जावंसं वाटलं. उतरलो, गेलो, थेंबभर झालं आणि अशी आग झाली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. पुन्हा गाडीवर बसलो तर खाली, बसायच्या जागेच्या आत कुठंतरी ठणका. पाथर्डी येईपर्यंत आणखी दोनदा गाडी थांबवली.

आता गाडी थांबवायची म्हणजे कारण पाहिजे. आमचा कंडक्टर नाना हुशार. तो पॅसेंजरांना सांगायचा, "रेडिएटर तापलाय. गाडीला पानी पाजायचंय." मी डबा घेऊन उतरायचो. गाडीला पाणी पाजायच्या नावाखाली उतरून मी उलटाच व्यवहार करून यायचो.

पण ते वर्ष असल्या आजाराला सोयीचं नव्हतं. नगर सोडलं की पाथर्डीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगाला दुष्काळी कामं. जिथं बघावं तिथं माणसं खडी फोडतायत, बाया पाट्या वाहतायत. बाभळींचा पाला शेळ्यांसाठी ओरबाडून नेलेला, नुसते काटे उरलेले. आडोसा म्हणून सरकारनं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. मी एखाद्या बाभळीमागं उभा राहायचो तर तिच्यातून पलीकडचा मुकादम मला रामराम करायचा.

चुंबळ

बसणं अवघड झालं तेव्हा हौसानं तोडगा काढला. बाया डोक्यावर हंडा ठेवताना खाली कापडाची गोल चुंबळ ठेवतात ना, तिची जुनी लुगड्याची चुंबळ तिनं मला दिली. "ह्यावर बसा. मधी मोकळं हाय, दुखायचं न्हाई."

खरंच नाही दुखलं. ज्यानं कुणी चुंबळ शोधून काढली त्याला हा उपयोग सुचला नसेल, पण मी त्याचा जन्माचा ऋणी आहे. मी ती सीटवर ठेवायचो, मुक्कामाला जाताना काखोटीला मारायचो. एसटीचा खाकी पोशाख, डोक्याला टोपी आणि काखेत चुंबळ. पाथर्डीच्या स्टँडवर मला नाव पडायला वेळ लागला नाही. एकदा रस्त्यात गाडी उभी होती तर पाटी वाहणारी एक म्हातारी थेट माझ्या दारापाशी आली आणि म्हणाली, "डायवर, घडीभर तुमची चुंबळ द्या की. माझी सुटली." दिली. तिनं चार पाट्या टाकून येईपर्यंत गाडी थांबली होती. पॅसेंजर ओरडत होते आणि नाना त्यांना रेडिएटरबद्दल सांगत होता.

हसण्यावारी नेलं तरी आतून मी घाबरलो होतो. ड्रायव्हर माणूस, एक दिवसाआड बाहेरगावी मुक्काम, आणि दुखणं कुठं तर तिथं. लोक काय म्हणणार हे सांगायला ज्योतिषी नको. आमच्या धंद्यात एकदोघांना परमा, म्हणजे बाहेरख्यालीपणातून लागणारा गुप्तरोग, झालेला मी पाहिला होता. त्यांच्या घरची सोयरीक कुणी करत नव्हतं. माझं वागणं सरळ होतं, पण आग होणाऱ्या लघवीला सरळ वागण्याचा दाखला कोण देणार? आणि सुमनचं लग्न त्याच हंगामात करायचं होतं.

बाजारातला डॉक्टर

पहिल्यांदा गेलो भिंगारच्या बाजारातल्या डॉक्टरकडं. त्यानं तपासलं नाही, विचारलं नाही. एक सुई टोचली, सल्फाच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि म्हणाला, "पाणी भरपूर प्या."

आधीच दर दोन मैलांवर उतरणाऱ्या ड्रायव्हरला हा माणूस पाणी भरपूर प्यायला सांगतो! पण प्यायलो. ताप उतरला, आग कमी झाली, आठवडा बरा गेला. मी हौसाची चुंबळ तिला परतही केली. मग एका सकाळी पुन्हा तेच. मी नुसता हात पुढं केला, तिनं चुंबळ दिली.

पाव्हणे

याच सुमारास आमच्या गाडीला एक नवा नेहमीचा पॅसेंजर लागला. पाथर्डीच्या अलीकडच्या एका गावचे रंगनाथराव. पांढरं धोतर, भरघोस मिशा, चांगल्या घरचा माणूस. कोर्टात कसलीशी तारीख असायची म्हणून त्यांचं नगरला जाणंयेणं असे. बसायचे बरोबर माझ्या पाठीमागच्या बाकावर. मी गाडी थांबवून उतरलो की तेही उतरायचे. मी डावीकडच्या बाभळीला गेलो की ते उजवीकडच्या. मला वाटायचं, पाय मोकळे करत असतील.

एक दिवस नाना म्हणाला, "डायवर, तुमचं नशीब उघडलं. रंगनाथरावांचा थोरला लग्नाचा हाय. तुमच्या सुमनचं इचारत हुते."

मी गाडी जवळजवळ शेतात घातली. घर नावाजलेलं, मुलगा शिकलेला, कालव्याच्या पाटावर मोजणीदार. सोयरीकही जुळत होती. पण हाच माणूस दर खेपेला माझ्या मागं बसून मी कितीदा उतरतो ते बघत होता.

"त्यांनी माझ्या तब्येतीचं काही विचारलं का?"

"इचारलं की. म्हनले, डायवर सारखी गाडी थांबवतात, सवभाव कसा हाय?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हनलो, लई चांगला. रेडिएटर खराब हाय."

त्या दिवसापासून माझ्यापुढं एकच गोष्ट उभी राहिली. सुपारी फुटायच्या आत हे दुखणं गेलं पाहिजे, आणि ते काय आहे हे रंगनाथरावांना कळता कामा नये.

तपासणी

नगरला दिल्ली दरवाजाच्या आत एक डॉक्टर होते. पलटणीतून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, आवाज परेडवरचा. हौसा बरोबर आली होती. तिला बाहेर बाकावर बसवलं. म्हटलं, "तू इथंच थांब, पुरुषांचं आहे." तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदर सावरून बसली.

आत डॉक्टरांनी सगळं विचारलं. अगदी सगळं. मग म्हणाले, "टेबलावर चढा. कुशीवर व्हा. गुडघे पोटाशी घ्या." आणि रबरी हातमोजा चढवला.

पुढचं सविस्तर सांगत नाही. एवढंच सांगतो की मी इतकी वर्षं गाडी चालवली, पण मागून कुणी येतंय आणि आपल्याला बाजूसुद्धा देता येत नाही, हा प्रसंग पहिलाच. डॉक्टरांनी विचारलं, "इथं दुखतं का?" माझं उत्तर बाहेर बाकावर ऐकू गेलं, असं हौसानं नंतर सांगितलं.

तरीही ज्याला ही तपासणी सांगितली असेल त्यानं ती जरूर करून घ्यावी. चहा थंड व्हायच्या आत संपते. तिच्या भीतीनं मी जितके दिवस काढले त्यापुढं ती काहीच नव्हती.

"प्रोस्टेट," डॉक्टर म्हणाले. "लघवीच्या पिशवीखाली मोठ्या सुपारीएवढी ग्रंथी असते. प्रत्येक पुरुषाला असते."

मला चाळिशी उलटून गेली तरी याबद्दल कुणी बोललं नव्हतं.

"ती सुजली आहे. जंतू शिरलेत."

मी घसा खाकरला. "साहेब, म्हणजे हा... तसला..."

"परमा? तपासणीत तसलं काही नाही. अहो, हा साधुसंतालाही होईल. घाबरू नका."

माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी कॅप्सूल लिहून दिल्या. टेट्रासायक्लिन. म्हणाले, "त्या ग्रंथीत औषध सहज शिरत नाही. म्हणून आग थांबली तरी थांबायचं नाही. महिना, वेळ पडली तर दीड महिना. दिवसातून चार वेळा. आणि रिकाम्या पोटी."

मी बाहेर आलो. हौसा उठून उभी राहिली. "काय म्हनले?"

"लघवीच्या जागेला सूज हाय म्हनले."

बस. त्या काळी नवरा-बायकोत या विषयावर एवढं बोलणं म्हणजे पुष्कळ झालं. पण ती रिकाम्या पोटाची गोष्ट मात्र मी तिला नीट सांगितली, कारण पोट हे तिचं खातं.

एकादशीचा न्याय

हौसाचं वैद्यक सोपं होतं. जगातल्या वस्तू दोन प्रकारच्या, उष्ण आणि थंड. इंग्रजी औषध सगळं उष्ण. लघवीला आग म्हणजे उष्णता. उष्ण दुखण्याला उष्ण औषध द्यायचं तर वरून थंड काहीतरी पाहिजे. थंड म्हणजे दूध. त्यामुळं पहिल्या कॅप्सूलबरोबर पितळी पेलाभर दूध माझ्यापुढं आलं.

मी म्हटलं, "अगं, रिकाम्या पोटी सांगितलंय."

"मंग? भाकर दिली का मी? एकादशीला दूध पिऊन उपास मोडतो व्हय?"

आमच्या सात पिढ्या एकादशीला दूध पीत आल्या आणि एकाचाही उपास मोडल्याची तक्रार वरून आली नाही. दूध पोटात असलं तरी पोट रिकामंच, हा आमच्याकडचा कायदा. मी कॅप्सूल तोंडात टाकली आणि वर दूध घटाघटा प्यायलो.

दिवसातून चार कॅप्सूल, चार पेले. मुक्कामाला जाताना ती दुधाची कासंडी बरोबर द्यायची, तोंडाला फडकं बांधून. एका हातात कासंडी, काखेत चुंबळ, खिशात कॅप्सूल. नाना म्हणायचा, "डायवर, म्हस तेवढी घरी कशाला ठेवता?"

दुष्काळात एवढं दूध आलं कुठून? मला नंतर कळलं. छावणीतल्या एका साहेबाच्या घरचा रतीब तिनं निम्म्यावर आणला होता. साहेबाच्या बाईनं विचारलं तर सांगायची, "म्हस आटत चाललीय, बाईसाहेब."

गुण नाही

पंधरा दिवस गेले. गुण नाही. डॉक्टर म्हणाले, अजून घ्या. महिना होत आला. आग तशीच, ठणका तसाच, फक्त माझे गाल वर आले. पाथर्डीला कँटीनवाला म्हणाला, "डायवर, तब्येत सुधारली." मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं चहाचे पैसे मागितले नाहीत.

मी दर खेपेला हौसाला बाकावर बसवून आत जायचो आणि आणखी एक चिठ्ठी घेऊन बाहेर यायचो. ती विचारायची, मी "सूज हाय" म्हणायचो. हळूहळू तिनं विचारणं सोडलं. मला वाटलं, बरं झालं, समजूतदार आहे.

डॉक्टर बुचकळ्यात पडले. पुढच्या वाटा त्यांनी मला समजावून सांगितल्या. एक म्हणजे जोरकस इंजेक्शनं, रोज यायचं. पण ती कानाला बाधू शकतात. मी म्हटलं, "साहेब, कंडक्टरची घंटी ऐकू आली नाही तर माझी गाडी पाथर्डी सोडून पार बीडला जायची." दुसरी, एक नवी गोळी निघाली होती, सल्फाचीच पण जोडीला आणखी एक औषध घातलेली. ती नगरात मिळेना, पुण्याहून मागवायला लागणार. आणि तिसरी, "तेही नाही झालं तर पुण्याला दाखल व्हा. मोठ्या डॉक्टरांना बघू द्या."

पुण्याला दाखल! म्हणजे रजा, म्हणजे चारचौघांत चर्चा. तिकडं रंगनाथरावांचा निरोप आला होता की पुढच्या महिन्यात घर बघायला या, पसंत असेल तर तिथंच सुपारी फोडू. आणि मी मुलगी द्यायला जाताना चुंबळीवर बसून जाणार होतो. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सुमन आतल्या खोलीत झोपली होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि माझ्या एका सुपारीएवढ्या सुजेवर तिचं सगळं अडलं होतं. मला फार वाईट वाटलं.

हौसा आत येते

त्यानंतरच्या खेपेला डॉक्टर जरा चिडलेच होते. "खरं सांगा, औषध घेता ना? का दोन दिवस घेता आणि चार दिवस सोडता?"

"घेतो, साहेब."

"मग गुण यायला पाहिजे! एवढ्या कॅप्सूलनी घोडा बरा झाला असता!"

परेडवरचा आवाज तो. दार किलकिलं होतं. एकदम ते सताड उघडलं आणि हौसा आत उभी. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला, चेहरा लाल.

"घेत्यात, साहेब! माझ्या हातानं देते मी. येक म्हनून चुकली न्हाई. तुमी सांगितलं तसंच. रिकाम्या पोटी, दुधाबरूबर!"

डॉक्टरांचा पेन थांबला. "कशाबरोबर?"

"दुधाबरूबर. निरसं न्हाई, तापवलेलं."

"किती दूध?"

तिनं दोन्ही हातांनी पेल्याचा आकार दाखवला. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे मिटले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं त्यांना काही झालं. ते हसत होते.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "ही कॅप्सूल दुधाबरोबर चालत नाही. दूध औषधाला पोटातच धरून ठेवतं. अंगात जाऊच देत नाही. दोघं मिळून आले तसे बाहेर जातात. महिनाभर तुमच्या नवऱ्याला औषध मिळालंच नाही म्हणा ना. दूध तेवढं मिळालं, ते दिसतंय." मग गंभीर होऊन म्हणाले, "चूक माझी. रिकाम्या पोटी म्हटलं, दूध नको असं फोडून सांगायला हवं होतं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. नुसत्या पाण्याबरोबर. कॅप्सूलच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास दूध, दही, ताक, चहा काही नाही."

हौसाचा चेहरा उतरला. "म्हंजी मीच..." एवढंच बोलली. स्टँडवर मी म्हटलं, "जाऊ दे गं, तुला काय ठाऊक?" तर तिनं तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. साहेबाच्या घरचं दूध तोडून तिनं मला पाजलं होतं, आणि तेच आडवं आलं होतं.

मला नंतर राहून राहून वाटलं, मी तिला पहिल्याच दिवशी आत नेलं असतं तर पहिल्याच आठवड्यात उलगडा झाला असता. औषध काय घेतो हे मला माहीत होतं. पण ते कसं घेतो हे तिला माहीत होतं.

घाट

पाण्याबरोबरच्या कॅप्सूलनं आठवड्यात फरक दिसू लागला. ताप गेला, ठणका निवला. मग एक दिवस करंजीचा घाट आला आणि गेला. मी गाडी थांबवली नव्हती, हे मला पाथर्डीच्या स्टँडवर इंजिन बंद केल्यावर कळलं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून क्षणभर तसाच बसलो. आयुष्यात सुख सुख म्हणतात ते असंच काहीतरी असेल.

पण मागून रंगनाथराव उतरले. त्या दिवशी ते मुद्दाम पाथर्डीपर्यंत आले होते की उतरायचंच विसरले होते, देव जाणे. चेहरा लाल, कपाळाला घाम. माझ्याकडं त्यांनी डोळे वटारून बघितलं. मग ते स्टँडच्या मागं जवळजवळ पळत गेले.

मी नानाला म्हटलं, "मोडली बहुतेक सोयरीक."

पेला

पण ठरल्या दिवशी आम्ही घर बघायला गेलो. कॅप्सूल चालूच होत्या. त्यांच्या गावच्या फाट्यावर उतरल्यावर मी एक पाण्याबरोबर घेतली आणि मगच निघालो. चुंबळ घरी ठेवली होती.

ओसरीवर घोंगडी अंथरलेली. हौसा आत बायकांत गेली. पाच-सहा माणसं जमलेली. बोलणं झालं, पावसाचं झालं, छावण्यांतल्या गुरांचं झालं. आणि मग रंगनाथरावांनी स्वतः आतून आणून माझ्यापुढं धरला तो दुधाचा पेला. काठोकाठ भरलेला, वर केशरी साय.

त्या वर्षी त्या भागात पोरांना चहात घालायला दूध नव्हतं. त्या घरानं ते कसं राखलं असेल याची मला कल्पना होती. आणि व्याह्यानं पुढं केलेला पेला पाव्हण्यानं नाकारायचा म्हणजे सरळ सरळ सोयरीक नाकारणं. सगळे माझ्याकडं बघत होते.

घ्यावा तर ही कॅप्सूल वाया. एकच तर जाईल, असं मन म्हणालं. पण महिनाभर वाया घालवलेला माणूस होतो मी. शिवाय आतल्या दारात हौसा उभी होती आणि पेल्याकडं असं बघत होती की जणू त्यात विंचू आहे.

"पाव्हणं," मी म्हटलं, "पेला डोक्याला लावतो, पण दूध घेता यायचं न्हाई. मला लघवीच्या जागेचा आजार हाय. औषध चालू हाय. त्याच्यावर दूध चालत न्हाई."

एकदम बोलून गेलो. कुणीतरी खोकलं. रंगनाथरावांनी पेला खाली ठेवला.

"जरा भाईर चला," ते म्हणाले.

गोठ्यामागं नेलं. मला वाटलं, चारचौघांत नको म्हणून इथं नकार देणार. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "म्हंजी तुमी गाडी थांबवत हुता ते सोतासाठी?"

"व्हय."

"माझ्यासाठी न्हाई?"

"तुमच्यासाठी?" मी विचारलं.

"आवं, मला दोन वरसापास्नं ह्योच तरास!" ते म्हणाले. "येक डायवर गाडी थांबवीत न्हाई. तुमीच तेवढं थांबवायचा. म्हनलं, ह्या मानसाला न सांगता दुसऱ्याचं दुखनं कळतंय. मोठ्या मनाचा मानूस. असल्या घरची लेक आनावी. म्हनून तर मी सोयरीक धाडली! आन परवा घाटात थांबला न्हाईत तवा मला वाटलं, पाव्हणं रुसलं."

मग ते असे हसले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. हसता हसता त्यांना घाई झाली, आणि मी बाजूला तोंड करून त्यांच्यासाठी पहारा दिला. त्या क्षणी आम्ही खरे व्याही झालो.

ओसरीवर परत येऊन त्यांनी पेला स्वतः रिकामा केला आणि सांगितलं, "सुपारी फोडा."

डॉक्टरांचा पत्ता मी त्यांना त्याच दिवशी दिला.

भांडण

लग्न दुष्काळात होतं तसं झालं, मोजक्या माणसांत. सुमन नांदायला गेली. दुपारची वेळ, घर ओकंओकं. डॉक्टरांनी कॅप्सूल बंद करून पंधरवडा झाला होता. हौसा माझ्यासमोर येऊन बसली.

"आता बरं हाय न्हवं?"

"हाय."

"काईच तरास न्हाई?"

"न्हाई."

"मंग आता सांगा. पाथर्डीला मुक्कामाला कुठं जात हुता?"

"कुठं म्हंजी?" मी म्हटलं.

"मला बाकावर बसवायचं, दार लावून घ्यायाचं, भाईर येऊन सूज हाय म्हनायचं. बाजारात बाया डायवर लोकांचं काय बोलत्यात ते मला ऐकू येत न्हाई व्हय? तुमी कुठंतरी शेण खाल्लं, असं धरून चालले मी."

"तुला असं वाटत होतं? पहिल्यापासून?"

"मंग दुसरं काय वाटनार?"

"आणि तरी साहेबाचं दूध तोडून मला पाजत होतीस?"

"मंग काय करू? आदी मानूस बरं हुऊ द्यावं. पोरीचं लगीन हुऊ द्यावं. भांडान काय पळून जातंय?"

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. इतके महिने ही बाई पोटात एवढं घेऊन रोज चार वेळा पेला भरत होती. मी शपथा घेऊ लागलो तर म्हणाली, "शपथा कुनीबी घेतंय."

दुसऱ्या दिवशी ड्युटी बदलून घेतली आणि तिला नगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "आता काय?" मी म्हटलं, "मला काही नाही, साहेब. हिला विचारायचंय. सगळं सांगा. अगदी सगळं." आणि बाहेर येऊन बाकावर बसलो.

दार लागलं. ते बाक मी तोवर कधी वापरलं नव्हतं. त्यावर बसल्यावर कळलं की बंद दाराबाहेर माणूस काय काय विचार करतो. आत डॉक्टरांचा आवाज, मग तिचा. मला घाम फुटला.

ती बाहेर आली. मी उठून उभा राहिलो. "काय म्हनले?"

तिनं पदर सावरला. "लघवीच्या जागेला सूज हुती म्हनले," ती म्हणाली आणि चालायला लागली.

संध्याकाळी धार काढून ती आत आली. तापवलेल्या दुधाचा पेला माझ्यासमोर ठेवला, काठोकाठ भरलेला, आणि मी तो संपवेपर्यंत तिथंच उभी राहिली. त्या दिवशी साहेबाच्या घरी पुन्हा दूध कमी गेलं.